रात्रीचे बाळंते

श्रोतेहो, इतिहास म्हटला की राजे, लढाया आणि तह आपल्या डोळ्यांपुढे उभे राहतात. आज ज्या वस्तूचा इतिहास मी सांगणार आहे, ती संग्रहालयाच्या कपाटात सहसा आढळत नाही. कारण ती वापरून वापरून विरते आणि अखेरीस तिचे पोतेरे होते. ही वस्तू म्हणजे तान्ह्या मुलाचे बाळंते. कोणी त्याला बाळोते म्हणतात, कोणी लंगोट म्हणतात. त्यातही मला बोलावयाचे आहे ते रात्रीच्या बाळंत्याविषयी.

रात्रीचे वेगळे काढण्याचे कारण असे. अंगावर पिणारे आणि आईच्या कुशीत निजणारे मूल रात्रीतून अनेकदा पिते. आईच्या दुधात सुमारे ८७ टक्के पाणी असते, आणि नवजात मूल दिवसरात्रीत अगदी वीसेक वेळांपर्यंतही लघवी करू शकते. प्रत्येक वेळी कापड बदलावे, तर मायलेकरांची झोप मोडते. न बदलावे, तर मुलाची कातडी सोलवटते आणि दोघांचे अंथरूण भिजते. हा पेच जगातील प्रत्येक समाजाला पडला आणि प्रत्येकाने तो आपल्या परीने सोडविला. ती उत्तरे एकापुढे एक मांडून पाहिली, की एक गोष्ट ध्यानात येते. कापड कोणते घ्यावे, हा प्रश्न इतिहासात एकटा असा कधी आलेलाच नाही. मूल कोठे निजते आणि त्याच्यासाठी रात्री कोण जागते, हे आधी ठरते. कापड त्यामागून येते.

प्रथम आपल्याच घरांकडे पाहू. गोव्यात पाहा, बेळगावात पाहा, इंदुरात किंवा बडोद्यात पाहा. मराठी घरातील जुनी पद्धत एकच होती. वापरून मऊ झालेले सुती लुगडे फाडावयाचे, त्याची दुपटी आणि बाळंती करावयाची. खाली गोधडी, तिच्यावर मेणकापड, त्यावर दुपटे आणि दुपट्यावर मूल. नव्या कापडाला खळ असते, ते टोचते आणि पाणीही लवकर शोषत नाही. शेकडो धुण्यांतून गेलेले लुगडे मात्र ओलावा तात्काळ ओढून घेते आणि वाऱ्यावर घटकाभरात वाळते. दिवसा झोळीत घातलेल्या मुलाचे ओले खालच्या खाली गळून जाई, रात्री ते आईच्या अंगाशी असे. कापड पातळ असल्यामुळे ओले झाल्याचे आईच्या हाताला लगेच कळे आणि ती झोपेतच ते ओढून दुसरे घाली. या पद्धतीत कापडाने रात्रभर टिकावे, अशी अपेक्षाच नव्हती.

हा विचार फार जुना आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी आकाराला आलेल्या चरकसंहितेच्या शारीरस्थानात बाळाच्या खोलीचे वर्णन आहे. बाळाचे अंथरूण-पांघरूण मऊ, हलके, स्वच्छ आणि सुवासिक असावे, मलमूत्राने खराब झालेले टाकून द्यावे, असे तेथे सांगितले आहे. ग्रंथकार व्यवहारी होता. टाकून देणे ज्यांना परवडणार नाही, त्यांनी तेच कापड चांगले धुऊन, धुरी देऊन, कोरडे करून पुन्हा वापरावे, अशी सवलत त्याने ठेवली आहे. धुरीच्या द्रव्यांत जव, मोहरी, जवस, हिंग, गुग्गुळ, वेखंड ही नावे येतात. बाळंतिणीच्या खोलीतील शेगडी आणि धुरी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ही यादी परकी वाटणार नाही.

मात्र या पद्धतीची किंमत कोणी दिली, हेही पाहिले पाहिजे. रोज दोन-तीन डझन बाळंती धुवावयाची, ती पावसाळ्यात शेगडीवर वाळवावयाची, हे काम कोणाच्या तरी हातांनी होत असे. बाळंतीण माहेरी जाई ती विश्रांतीसाठी. आणि ती विश्रांती तिच्या आईच्या, भावजयीच्या किंवा धुणेवालीच्या श्रमांवर उभी असे. सव्वा महिना संपला, सासरचा संसार सुरू झाला, की तोच ढीग तिच्या वाट्याला येई. पातळ कापड मुलाच्या कातडीला मानवणारे होते खरे, परंतु त्याच्या मागे बायकांच्या हातांची एक रांग उभी होती.

आता पश्चिमेकडे वळू. तेथील जुनी रीत मुलाला पट्ट्यांनी गुंडाळण्याची होती. लूकच्या शुभवर्तमानात बेथलेहेमच्या बाळाला असेच गुंडाळून गव्हाणीत ठेवल्याचे वर्णन आहे, आणि त्याच्या मराठी भाषांतरात आपला ‘बाळंते’ हाच शब्द योजिलेला आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात रोममध्ये वैद्यकी करणाऱ्या सोरेनस या ग्रीक वैद्याने मूल कसे गुंडाळावे, याचे तपशीलवार वर्णन करून ठेवले आहे. त्याच ग्रंथात त्याने दाईला बजावले आहे, की नवजात मुलाला आपल्या बिछान्यात घेऊ नये, कारण झोपेत अंगाखाली येऊन ते गुदमरेल. पाळणा बिछान्याला लागून ठेवावा, आणि मूल अधिक जवळ हवे असेल तर पाळणाच बिछान्यावर ठेवावा. मूल जवळ तर हवे, पण अंगाखाली येता कामा नये, ही आजच्या आईची चिंता त्या वैद्यालाही ठाऊक होती.

फ्लॉरेन्स नगरात ‘इनोचेंती’ नावाचा सोडून दिलेल्या मुलांचा आश्रम आहे. १४१९ मध्ये त्याचे काम ब्रुनेलेस्की या थोर वास्तुशिल्पज्ञाच्या आराखड्यावरून सुरू झाले. त्याच्या दर्शनी भिंतीवर पंधराव्या शतकाच्या अखेरीस आंद्रेआ देल्ला रोबिया याने निळ्या पार्श्वभूमीवर पांढरी बाळे घडविली, आणि त्यांपैकी बहुतेक पट्ट्यांत गुंडाळलेली आहेत. ही शिल्पे मोठी गोजिरवाणी आहेत. परंतु गुंडाळलेल्या मुलाच्या पट्ट्या सोडणे आणि पुन्हा बांधणे हा मोठा खटाटोप असतो. ज्या दाईकडे अनेक मुले असत, ती तो दिवसातून किती वेळा करणार? मूल ओल्यातच पडून राही. आपल्याकडे कापड पातळ आणि बदलणे सोपे होते. तेथे कापड पुष्कळ आणि बदलणे अवघड होते.

याच फ्लॉरेन्समधील दाया ‘आर्कुच्चो’ नावाची एक लाकडी चौकट वापरीत. १७३२ च्या सुमारास लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात तिचे वर्णन आणि चित्र छापले गेले. मुलावर लाकडी कमानींचा सांगाडा ठेवावयाचा, म्हणजे दाईचा भार किंवा पांघरूण त्याच्यावर पडणार नाही. आणि बाजूला एक खाच, तीतून मुलाला निजल्या निजल्या पाजता यावे. दायांनी ही चौकट वापरलीच पाहिजे, नाहीतर त्यांना धर्मबहिष्काराची शिक्षा होईल, असेही त्या वृत्तान्तात नमूद आहे. मध्ययुगीन चर्चने अंगाखाली मूल दगावलेल्या आईबापांना प्रायश्चित्ते सांगितली होती; येथे मात्र शिक्षेच्या धाकाबरोबर एक उपायही आईच्या हाती दिला गेला, हे मला महत्त्वाचे वाटते.

मध्य आशियातील लोकांनी आणखी निराळी युक्ती काढली. उझबेक आणि किरगीझ घरांतील ‘बेशिक’ या पाळण्याच्या तळाला छिद्र असते. मुलाच्या मांड्यांशी एक लहानशी लाकडी नळी बसवितात आणि तिच्यातून लघवी खालच्या भांड्यात जाते. आई पाळण्यावर ओणवी होऊन मुलाला पाजते. त्याला सोडावेही लागत नाही. जेथे थंडी कडाक्याची असते आणि रात्री कापड वाळत नाही, तेथे माणसाने कापडाचे काम नळीवर सोपविले.

युरोपात या सगळ्याला कलाटणी मिळाली ती अठराव्या शतकात. १७४८ मध्ये विल्यम कॅडोगन या इंग्रज वैद्याने लंडनच्या अनाथ बालकाश्रमाच्या चालकांना उद्देशून एक निबंध प्रसिद्ध केला. मुलाला आवळू नका, त्याचे कपडे सैल ठेवा, ते वारंवार बदला, आणि आईनेच त्याला पाजावे, असे त्याने सांगितले. हा उपदेश मुलांच्या हिताचाच होता. परंतु त्याबरोबर दुसराही एक उपदेश होता, तो म्हणजे मुलाला रात्री पाजू नये. हाच धागा पुढे लांबत गेला. १८९४ मध्ये अमेरिकेत डॉ. एमेट होल्ट यांचे शिशुसंगोपनावरील पुस्तक निघाले. १९०७ मध्ये न्यूझीलंडमध्ये ट्रुबी किंग यांनी प्लंकेट सोसायटी स्थापन केली. घड्याळाच्या काट्यावर पाजणे, रात्री मुळीच न पाजणे आणि मुलाला वेगळ्या खाटेवर निजविणे, हे सुशिक्षित मातांचे व्रत होऊन बसले.

श्रोतेहो, मूल आईच्या कुशीतून उठून वेगळ्या खाटेवर गेले, त्याबरोबर कापडाचे कर्तव्यही बदलले. आता ओले झाल्याचे जाणणारा हात जवळ नव्हता. दहा तास कोणी उठावयाचे नाही, असे ठरल्यावर दहा तास टिकेल असे कापड हवे झाले. त्याची साधने त्याच काळात एकेक करून उपलब्ध होत गेली. १८२३ मध्ये चार्ल्स मॅकिंटॉश यांनी रबराचे जलाभेद्य कापड काढले. आपल्या रुग्णालयांत खाटेवरील रबरी चादरीला परिचारिका ‘मॅकिंटॉश’ म्हणतात, ते यांच्याच नावावरून. १८४९ मध्ये अमेरिकेच्या वॉल्टर हंट यांनी सेफ्टी पिनचे पेटंट घेतले आणि ते अवघ्या ४०० डॉलरना विकून टाकले. १८५१ मध्ये लंडनच्या भव्य प्रदर्शनात क्रिस्टी यांच्या कारखान्याचे, तुर्कस्तानातील विणीवरून घेतलेले कापड मांडले गेले. त्यालाच आपण टर्किश टॉवेल म्हणतो. त्याच्या पृष्ठभागावरील असंख्य फासे पाणी धरून ठेवतात. जाड टॉवेलचे बाळंते, त्याला पिन आणि वरून रबरी चड्डी, अशी रात्रीची नवी व्यवस्था रूढ झाली.

या व्यवस्थेत बिछाना कोरडा राहिला, पण मूल मात्र ओलेच राहिले. रबरातून हवा जात नाही; आत उष्णता आणि ओल कोंडते. १९२१ मध्ये कुक या अमेरिकन वैद्याने साचलेल्या लघवीतून जंतूंच्या क्रियेने अमोनिया तयार होतो, असे दाखविले आणि पुष्कळ वर्षे सगळा दोष त्या अमोनियावर टाकला गेला. पुढे १९८० नंतरच्या संशोधनातून कळले, की खरी मारेकरी आहे ती ओल, घर्षण आणि शौचातील पाचकद्रव्ये यांची युती. ज्या इंग्रज आणि अमेरिकन घरांत रबराऐवजी घरी विणलेली लोकरीची चड्डी वापरीत, तेथे त्वचेला बरे दिवस होते. लोकर आपल्या वजनाच्या सुमारे एक तृतीयांश इतके बाष्प पोटात घेते, तरी हाताला ओली लागत नाही. आणि तिच्यातील मेंढीचा स्नेह पाणी बाहेर फुटू देत नाही.

या पुढचे पाऊल टाकले ते मातांनी. १९४६ मध्ये अमेरिकेच्या मॅरिअन डोनोव्हन यांनी न्हाणीघराचा पडदा कापून, शिवणयंत्रावर शिवून, बाळंत्यावरचे आवरण तयार केले. त्याला पिनांऐवजी दाबाची बटणे होती. कारखानदारांनी त्यांना दाद दिली नाही, तेव्हा त्यांनी ते स्वतःच विकावयास काढले. १९५१ मध्ये त्याचे हक्क दहा लक्ष डॉलरना गेले. याच सुमारास, १९४७ पासून, इंग्लंडमध्ये व्हॅलेरी हंटर गॉर्डन यांनी तिसऱ्या अपत्याच्या वेळी धुण्याला कंटाळून, युद्धातील जुन्या पॅराशूटच्या नायलॉनचे आवरण आणि आत टाकून देता येण्याजोगी घडी, अशी योजना केली. दोघींनाही शोध सुचला तो धुण्याच्या ढिगापाशी. १९६१ मध्ये व्हिक्टर मिल्स यांच्या प्रयत्नांतून टाकाऊ डायपर अमेरिकेत विक्रीस आला, आणि १९८० च्या दशकात त्यात पाणी शोषून घट्ट होणारी रासायनिक भुकटी आली. रात्रभर न बदलता राहणारे बाळंते अखेर मिळाले. धुण्याचा ढीग नाहीसा झाला आणि त्याच्या जागी कचऱ्याचा ढीग आला.

परंतु इतिहास येथेच थांबला नाही. १९५६ मध्ये अमेरिकेतील इलिनॉय राज्यात सात मातांनी ‘ला लेचे लीग’ ही संस्था काढून अंगावर पाजण्याचा पुरस्कार केला. पुढे जेम्स मॅकेना या मानववंशशास्त्रज्ञाने एकत्र निजणाऱ्या मायलेकरांचे निद्राप्रयोगशाळेत निरीक्षण केले. ती एकमेकांच्या हालचालींनी वारंवार थोडीशी जागी होतात, आणि कुशीतले मूल रात्री अधिक वेळा पिते, असे त्यांना आढळले. २०१६ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्याने पाजणे आणि निजणे हे दोन विषय वेगळे मानूच नयेत, असे प्रतिपादन केले. याच्या उलट, अमेरिकेची बालरोगतज्ज्ञांची संस्था आजही सांगते, की मूल आईच्या खोलीत निजावे, परंतु वेगळ्या आणि सपाट बिछान्यावर. हा वाद मिटलेला नाही. मात्र काही गोष्टींविषयी दोन्ही पक्षांचे एकमत आहे. आईबापांपैकी कोणी धूम्रपान करीत असेल, मद्य किंवा गुंगीचे औषध घेतले असेल, मूल अपुऱ्या दिवसांचे किंवा फार कमी वजनाचे असेल, तर त्याला कुशीत घेऊन निजू नये. आणि कोचावर तर कोणीही कधी निजू नये. इंग्लंडच्या १९०८ च्या बालक कायद्याने, दारू पिऊन बिछान्यात शिरलेल्या माणसाच्या शेजारी मूल गुदमरले, तर तो त्याचा अपराध मानला होता. धोका नेमका कोठे आहे, हे त्या कायद्याने बऱ्याच अंशी ओळखले होते.

आता आजच्या आईपुढचा प्रश्न पाहा. ती मुलाला अंगावर पाजते, जवळ घेऊन निजते, आणि तिला कापडाचेच बाळंते वापरावयाचे आहे. तिच्याजवळ आजीचा पातळ लुगड्याचा तुकडा आहे आणि बाजारातील शंभर प्रकारही आहेत. या इतिहासातून तिने काय घ्यावे?

पहिले असे, की रात्रीच्या कापडात दोन गुण हवेत, शोषणे आणि धरून ठेवणे. आणि ते एकाच धाग्यात सहसा नसतात. सुती कापड लवकर शोषते. हेम्प नावाचा तागासारखा धागा सावकाश शोषतो, पण पुष्कळ धरतो. म्हणून सुती घडी अंगाकडे आणि हेम्पची घडी तिच्या बाहेर ठेवावी. सूक्ष्म कृत्रिम तंतूंचे कापड पाणी झटकन घेते, परंतु दाब पडला की स्पंजासारखे सोडूनही देते. कुशीत निजणाऱ्या मुलाच्या बाबतीत दाब तर पडणारच. दुसरे असे, की कुशीवर वळून पिणाऱ्या मुलाची लघवी खालच्या नितंबाच्या बाजूने वाहते. तेव्हा घडी केवळ मध्यभागी न घालता बाजूंनाही पोचेल अशी घालावी. तिसरे, वरचे आवरण शक्यतो लोकरीचे घ्यावे. मेणकापडासारखे असेल, तर मांडीशी नीट बसावे, पण आवळू नये. चौथे, आईच्या अंगाची ऊब मुलाला मिळतच असते, म्हणून कपडे आणि पांघरूण बेताचेच असावे. बिछाना कठीण आणि सपाट असावा, उशा आणि जाड रजया मुलापासून दूर असाव्यात, आणि पाजून झाले की मुलाला उताणे ठेवावे. गादीवर जलरोधक कापड घालावयाचे तर ते चादरीखाली ताणून खोचावे. सैल तुकडा मुलाच्या तोंडाशी येता कामा नये. पाचवे, केवळ लघवी झाली असेल आणि मूल स्वस्थ निजले असेल, तर चांगल्या शोषणाच्या बाळंत्यात त्याला उठविण्याचे कारण नाही. शौच झाले, तर मात्र लगेच बदलावे. आणि धुताना कपडे मऊ करणारी द्रव्ये घालू नयेत. त्यांचा थर धाग्यावर बसतो आणि कापड पाणी घेईनासे होते. भरपूर पाणी आणि कडक ऊन यांनी काम होते. चरकाने सांगितलेले ‘चांगले धुतलेले आणि कोरडे’ हे दोन शब्द आजही पुरेसे आहेत.

या सर्व उपायांनंतरही रात्री एकदा तरी कोणाला उठावे लागेल, आणि सकाळी बादलीत दोन-चार बाळंती असतीलच. आपल्या जुन्या घरांत ती धुणारे हात बायकांचे होते आणि ते गृहीत धरलेले होते. पश्चिमेने त्या हातांची सुटका करावयाची म्हणून मुलाला आधी कुशीतून दूर केले आणि मग रबरात व रसायनात गुंडाळले. आजच्या आईला मूल जवळ हवे आहे आणि कापडही हवे आहे. ही दोन्ही तिला लाभतील, पण त्यासाठी तिसरा वाटेकरी हवा. पाजणे आईखेरीज कोणाला जमणार नाही. परंतु कोरडे बाळंते हाताशी ठेवणे, ओले उचलून बादलीत टाकणे आणि सकाळी ते दोरीवर वाळत घालणे, हे बापाला, आजोबांना, घरातील कोणालाही जमण्यासारखे आहे. रात्रीचे बाळंते निवडण्याआधी घराने हे काम वाटून घ्यावे. मग कापड सुती असो की लोकरीचे, आईच्या वाट्याला झोप येईल.